कूलर काढला की गाडीचे होज

माळ्यावरून कूलर खाली काढला की त्याच रविवारी मी ऑल्टोचं बॉनेट उघडतो. ही सवय बुटीबोरीच्या अलीकडे, वर्धा रोडवर लागली. मे महिना, दुपारचे दोन, मागच्या सीटवर आई. तापमानाचा काटा एकदम लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटर आणि इंजिन जोडणारा वरचा रबरी पाइप, म्हणजे होज, क्लिपच्या मागे बोटभर फाटला होता.

होज बहुतेक टोकाशीच जातो. मधून कितीही काळाभोर आणि ठणठणीत दिसला तरी फसू नका. गाडी थंड असताना क्लिपजवळ दोन बोटांनी दाबा. चांगला होज दाबून सोडला की परत गोल होतो. पिचपिचीत लागला, आतून कुरकुरला, फुगलेला दिसला किंवा बाहेर बारीक भेगा दिसल्या, तर काढायचाच. वरचा-खालचा दोन्ही बदला, हीटरचेही तपासा. क्लिपा नव्या घ्या. दुकानात मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल ते सांगा आणि होजचं वळण जुळवूनच घ्या.

मी सकाळी सहाला सुरू करतो, गाडी रात्रभर उभी असते. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. माझ्या झाकणावर 0.9 लिहिलंय, तो दाबाचा आकडा. त्या दाबामुळे आतलं पाणी 100 अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं उसळून तोंडावर येतं.

खाली घमेलं ठेवा, रेडिएटरचा खालचा प्लग सैल करा. निघालेलं पाणी मापाच्या बादलीत ओता, म्हणजे परत साधारण किती घालायचं ते कळतं. जुनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळलेलं द्रव, चवीला गोड असतं आणि विषारी, गल्लीतली कुत्री चाटतात. घमेलं उघडं सोडू नका, नालीत ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

जुना होज नळीला चिकटलेला असतो. पहिल्यांदा मी पक्कड लावून पिळला आणि रेडिएटरची प्लास्टिकची नळीच कडकन तुटली. वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे नव्या रेडिएटरला गेले. आता होजला ब्लेडने लांबीत चीर देतो, नळीवर ओरखडा जाऊ न देता, आणि साल सोलल्यासारखा काढतो. नळी फडक्याने पुसा. नवा होज आतून कूलंटने ओला केला की सरकतो. तेल-ग्रीस लावाल तर रबर फुगतं. नळीच्या तोंडाशी उंचवटा असतो, क्लिप त्याच्या पलीकडे बसली पाहिजे. होज क्लिपच्या फटींतून वर येईपर्यंत आवळू नका.

शेजारचे काका दरवर्षी कुंपणावरून विचारतात, "चालू गाडी काहून खोलून राहिला रे?" आणि बोअरच्या पाण्याची बादली पुढे करतात. मी त्यांना त्यांच्याच कूलरच्या ताट्या दाखवतो. वाळ्यावर पांढरी खरड बसलेली असते ना, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. म्हणून डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात तेच, आणि कूलंट अर्धं-अर्धं. डब्यावर 'रेडी मिक्स' लिहिलं असेल तर पाणी अजिबात घालायचं नाही.

आता भरणं. इथे घाई केली की हवा अडकते आणि नवे होज लावूनही गाडी तापते. प्लग आवळा, हीटरची खुंटी लालकडे, एसी बंद. बारीक धारेने भरा, अधूनमधून वरचा होज हाताने दाबा, बुडबुडे वर येतात. झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा, मात्र तोंड आणि बाही लांब ठेवा. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, उघडतो: पातळी झपकन खाली जाते आणि थंड असलेला वरचा होज एकाएकी तापतो. लगेच भर घाला. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईस्तोवर थांबा. हात पंख्यापासून दूर; तो न सांगता फिरतो.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा. माझी कपभर तरी उतरतेच. क्लिपांखाली कोरडा कागद फिरवतो, ओला झाला तर क्लिप अर्धा आटा आवळतो.

मग बुटीबोरीपर्यंत एक चक्कर. आई सोबत असली की फाटकातच विचारते, "गाडीसाठी पाणी घेतलं का?"