उभं राहिलं की धडधड? पॉट्सची (उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा त्रास) शंका असेल तर घरी नाडी अशी मोजा

पोरगी पलंगावरून उठली की छातीत धडधड, डोळ्यापुढे अंधारी, आणि घरचे म्हणतात नीट जेवत नाही म्हणून होते. नागपूरच्या मे महिन्यात तर सगळं उन्हावर ढकलून मोकळे होतात. नका असं करू, आधी मोजा.

दहा मिनिटं शांत झोपवा, नाडी आणि बीपी लिहून घ्या. मग भिंतीला न टेकता उभं करा आणि १, ३, ५, १० मिनिटांनी परत मोजा, कोणीतरी बाजूला राहाच, चक्कर आली की लगेच झोपवायचं. १२ ते १९ वयात नाडी मिनिटाला ४० ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, मोठ्यांत ३० नी, आणि बीपी पडला नाही, तर तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा. एका मोजणीवर काही ठरत नाही, डॉक्टर हिमोग्लोबिन, थायरॉईडही बघतात.

तोवर पाणी भरपूर, पण मीठ विचारूनच वाढवा. उठण्याआधी पलंगाच्या काठावर बसून पोटऱ्या आवळायच्या, आंघोळ स्टुलावर बसून, पाणी कोमट. पळताना, खेळताना शुद्ध हरपली तर मात्र घरी मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.