वाचलेलं आपल्या वाक्यात उतरतं तेव्हा

कथा लिहू लागलेली मंडळी हमखास विचारतात, दुसऱ्यांचं फार वाचलं तर स्वतःची शैली बिघडेल का? वाचलेलं लिखाणात उतरतंच, आणि माझ्या अनुभवात ते सगळ्यांत आधी वाक्याच्या लयीत उतरतं. कथानक किंवा पात्र उचललं तर आपल्याला कळतं, लय उचलल्याचं लवकर कळत नाही.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' या कादंबरीने (१९६३) हे मला शिकवलं. ती वाचून झाल्यावर बरेच दिवस माझ्या कथांमधली माणसं तिच्या नायकासारखी, पांडुरंग सांगवीकरासारखी बोलत होती. मी लिहीत असलेल्या कथेतला निवृत्त तलाठीसुद्धा दर दोन वाक्यांनी 'वगैरे' म्हणू लागला. मग मी कादंबरी पुन्हा उघडली आणि पांडुरंग 'उदाहरणार्थ', 'वगैरे' नेमकं कुठे म्हणतो ते पाहत गेले. दुखऱ्या गोष्टीपाशी येऊन तो बाजूला सरकतो, आणि हे शब्द त्याला सरकायला जागा करून देतात. माझ्या तलाठ्याला असं काही टाळायचं नव्हतं. त्याची वाक्यं मी सातबाऱ्यासारखी कोरडी आणि नेमकी केली, तेव्हा तो उभा राहिला. आवडत्या लेखकाची एखादी लकब आपल्या लिखाणात दिसली की खोडण्याआधी ती मूळ पुस्तकात कोणतं काम करते ते शोधा. तेच काम तुमच्या पात्राकडे असेल, तर त्यासाठी तुमचे शब्द सापडतात.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मी वेगळ्या पद्धतीने वाचायला सांगते. धनगरांच्या वस्तीत आलेल्या तरुण मास्तराची ही गोष्ट. तिचं एक पान वहीत हाताने उतरवून काढा. डोळे जिथे पळत पळत वाचतात तिथे हात थांबतो, पूर्णविराम किती लवकर येतो ते कळतं. मग विशेषणांखाली रेघ मारा. पान भरून रेघा होतील असं वाटतं, पण तसं होत नाही. क्रियापदंच बरंचसं ओझं वाहतात. त्याच चालीत आपल्या जवळच्या जागेबद्दल पानभर लिहा, एसटी स्टँड असो की सोसायटीचा जिना. हा रियाज आहे, कथेत घालायचा मजकूर नव्हे. मला स्वतःला या एका सरावाने जितकं दिलं तितकं लेखनावरच्या कुठल्याच व्याख्यानाने दिलं नाही.

उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीतली (१९६०) वऱ्हाडी बोली वाचली आणि माझ्या कथेतल्या आजीला मी तिची अहिराणी परत दिली. तोवर ती प्रमाण मराठीत बोलत होती. वऱ्हाडी कानावर नसताना वऱ्हाडी लिहायला जाऊ नका, आपल्या घरातली बोली ऐका.

अनुवादित कादंबऱ्या जरूर वाचा, फक्त त्यांचा एक परिणाम ओळखून असा. घाईत केलेल्या अनुवादातून इंग्रजी वाक्याची ठेवण आपल्यात शिरते. 'ती एक शिक्षिका होती' असं आपण घरी कधी म्हणत नाही, 'ती शिक्षिका होती' म्हणतो. 'च्याद्वारे'सुद्धा असंच येतं. कथा मोठ्याने वाचली की अशा जागी जीभ अडखळते.

पहिला खर्डा चालू असताना मी माझ्या कथेच्या जवळपास जाणारं काहीच वाचत नाही. गावाकडची गोष्ट लिहीत असेन तर प्रवासवर्णन, कविता, चरित्र. खर्डा पुरा झाला की मात्र त्याच वाटेने गेलेल्या लेखकांकडे मुद्दाम जाते, कारण तेव्हा माझी कथा आपल्या पायावर उभी असते आणि त्यांनी तोच पेच कसा सोडवला ते मोकळेपणाने पाहता येतं. दिवाळी अंकाला कथा पाठवायची असेल तर या दुसऱ्या वाचनासाठी हातात वेळ ठेवा. शिवाय भरपूर वाचणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला कथा द्या आणि एवढंच विचारा: कुठे दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू आला?