वर्तुळ काढलं की अंडं उमटतं? ड्रॉइंग टॅब्लेटच्या या चुका टाळा

ड्रॉइंग टॅब्लेट म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी. दुकानात पहिला प्रश्न असतो, "प्रेशर लेव्हल (पेनाच्या दाबाचे टप्पे) किती? 4096 की 8192?" हा फरक हाताला जाणवणंच कठीण, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. खरी बघायची गोष्ट म्हणजे चित्र काढायची जागा. 27 इंची मॉनिटर आणि जेमतेम 152 बाय 95 मिलिमीटरचा टॅब्लेट अशी जोडी जमवली, तर हात चिमूटभर हलतो आणि कर्सर लांब उडी मारतो. लॅपटॉपसाठी मात्र हा लहान आकार पुरतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज बॅग सांभाळत उभं राहणाऱ्यांनाही तोच सोयीचा. मोठा घ्यायचाच असेल तर आधी पुठ्ठ्यावर मापं आखून, तो कापून कीबोर्डशेजारी ठेवून बघा. कोपरखैरणे-ऐरोलीच्या वन बीएचकेमध्ये जेवणाचं टेबल हेच ऑफिस असतं, तिथे ही तपासणी हमखास डोळे उघडते.

आता अंड्याकडे वळू. समजा टॅब्लेटवरची जागा 216 बाय 135 मिलिमीटर आहे, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण 16:10. मॉनिटर बहुधा 16:9 चा. ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर, ही जागा ताणून पूर्ण स्क्रीनवर बसवतो आणि वर्तुळ आडवं साधारण 11 टक्के फुगतं. दोन मॉनिटर असतील आणि मॅपिंग (टॅब्लेटची जागा स्क्रीनशी जुळवणं) दोन्हींवर पसरलं असेल, तर ते दुपटीहून जास्त रुंद होतं! लोक महिनोन्‌महिने आपल्या हाताला दोष देत बसतात. ड्रायव्हरमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा आणि मॅपिंग एकाच मॉनिटरवर ठेवा. टॅब्लेटची एक पट्टी वाया जाईल, जाऊ द्या. आडव्या रेघा सतत तिरक्या येत असतील, तर टॅब्लेटच टेबलावर तिरका पडलाय का ते बघा.

पेन कमी-जास्त दाबूनही रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची येते? आधी दुसऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर काढून टाका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मगच नवा टाका. तरीही जमलं नाही तर विंडोजवर कृता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरच्या टॅब्लेट सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज इंक आणि विनटॅब (पेनाचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोचवायच्या दोन पद्धती) यांची अदलाबदल करा आणि कृता बंद करून पुन्हा उघडा. मॅकवर बहुतेक वेळा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची राहिलेली असते.

मनगट दुखतंय म्हणून लगेच महागडं पेन शोधू नका. ड्रायव्हरमधला प्रेशर कर्व्ह (किती दाबाला किती जाड रेघ, ते ठरवणारी सेटिंग) मऊ करा, म्हणजे हलक्या दाबातही जाड रेघ उमटेल. रेघ मनगटातून न ओढता कोपरातून ओढायची सवय लावा. ठाण्याच्या दमट हवेत तळहात टॅब्लेटला चिकटतो, त्यावर दोन बोटांचा ग्लव्ह पुरे. जुन्या सुती मोज्याला कात्री लावलीत तरी चालेल.

निबचं, म्हणजे पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकदार कांडीचं, टोक एका बाजूने झिजून धारदार झालं की ते पृष्ठभागावर ओरखडे पाडतं. तशी निब चिमट्याने सरळ ओढून काढा आणि नवी घाला.