इनडिझाइनमध्ये फोटो फाटलेला दिसतो, तेव्हा काय करावे

पानावर घेतलेला फोटो चौकोनी ठिपक्यांचा दिसू लागला की ‘फोटोच खराब आहे, दुसरा मागवा’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि बहुतेक वेळा तो अनाठायी असतो. पाने सरकवताना काम अडखळू नये म्हणून इनडिझाइन हे पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर मूळ फोटोऐवजी त्याची हलकी झलक पडद्यावर दाखवते. लिंक, म्हणजे पानावरच्या फोटोचे मूळ फाइलशी असलेले नाते, शाबूत असेल तर छपाई मात्र मूळ फाइलवरूनच होते.

म्हणून प्रथम ‘व्ह्यू’ मेन्यूतील ‘डिस्प्ले परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘हाय क्वालिटी डिस्प्ले’ निवडावे. विंडोजवर त्यासाठी कंट्रोल, आल्ट आणि एच या कळा एकत्र दाबाव्यात. एखादाच फोटो तरीही फाटलेला राहिला, तर त्याला स्वतंत्र सेटिंग दिलेले असू शकते. त्याच मेन्यूतील ‘क्लिअर ऑब्जेक्ट-लेव्हल डिस्प्ले सेटिंग्ज’ने ते निघते. प्रत्येक फाइल अशीच उघडायला हवी असेल, तर ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘डिफॉल्ट व्ह्यू’ बदलावा.

एवढे करूनही फोटो सुधारला नाही, तर खरे काम तेथून सुरू होते, आणि बहुतेक जण नेमके याच ठिकाणी भरकटतात. लिंक्स पॅनेल उघडावे. फोटोच्या नावापुढे लाल वर्तुळात प्रश्नचिन्ह असेल, तर मूळ फाइल जागेवर नाही. पेनड्राइव्हवरून फोटो घेऊन पेनड्राइव्ह काढून टाकला, किंवा फोल्डरचे नाव बदलले, की असे होते. अशा वेळी इनडिझाइनकडे फक्त झलक उरते, त्यामुळे पडद्याची कोणतीही सेटिंग बदलून उपयोग नसतो. पीडीएफ करताना येणारी सूचना न वाचता पुढे गेल्यास हीच झलक छापली जाते. दिवाळी अंकाच्या गर्दीत असे फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे गठ्ठे) छापखान्यातून परत आलेले मी पाहिले आहेत. ‘रीलिंक’ करून एक फाइल दाखवताना ‘सर्च फॉर मिसिंग लिंक्स इन धिस फोल्डर’वर खूण ठेवावी, म्हणजे त्याच फोल्डरमधील बाकीचे फोटोही आपोआप जोडले जातात. पिवळा त्रिकोण असेल, तर मूळ फाइल नंतर बदललेली आहे. ‘अपडेट लिंक’ पुरेसे होते. दुसऱ्या प्रोग्रॅममधून कॉपी-पेस्ट करून आणलेल्या फोटोला मात्र लिंकच नसते, म्हणून फोटो नेहमी ‘फाइल’ मेन्यूतील ‘प्लेस’नेच घ्यावा.

लिंक ठीक असेल, तर त्याच पॅनेलच्या खालच्या भागात ‘अ‍ॅक्च्युअल पीपीआय’ आणि ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ असे दोन आकडे दिसतात. पीपीआय म्हणजे एका इंचातील पिक्सेल; पहिला आकडा फाइलचा स्वतःचा, दुसरा पानावर लावलेल्या आकाराचा. ‘माझी फाइल ३०० ची आहे’ असे ग्राहक सांगतो तो पहिला आकडा असतो आणि त्याला छपाईच्या दृष्टीने काही अर्थ नाही. ३०० चा फोटो पानावर २५० टक्के ताणला की इफेक्टिव्ह पीपीआय १२० उरतो. १,२०० पिक्सेल रुंदीचा फोटो चार इंचांत ३०० देतो, तर आठ इंचांत फक्त १५०. आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईसाठी ३०० च्या आसपास हवेत. बरेच खाली गेल्यास एक तर फोटो लहान लावावा, नाहीतर मूळ फाइल मागवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो आकाराने कमी होऊन येतो, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’ करून ७२ चे ३०० करण्याचा तोडगा कोणी सुचवला, तर ऐकू नये. आकडा वाढतो, पण फोटोत नसलेला तपशील त्यातून येत नाही. सगळे फोटो फाइलमध्ये ‘एम्बेड’ करण्याचा, म्हणजे लिंकऐवजी फाइलच्या आतच साठवण्याचा, सल्लाही तितकाच निरुपयोगी आहे. त्याने फाइल जड होते. फोटो आहे तसाच राहतो.

प्रूफ थेट प्रिंटरवर काढताना ‘ग्राफिक्स’ विभागातील ‘सेंड डेटा’पुढे ‘प्रॉक्सी’ (म्हणजे फक्त हलकी झलक) निवडलेले नाही ना, हे पाहावे. तेथे ‘ऑल’ हवे. काम दुसऱ्या संगणकावर न्यायचे असेल, तर नुसती फाइल न देता ‘पॅकेज’ करून, म्हणजे फाइल व तिचे फोटो एकत्र गोळा करून, संपूर्ण फोल्डर द्यावा.