कचरा डेपोच्या आसपासच्या गावात घर घेताय? या चुका टाळा

घर बघायला गेलेला प्रत्येक माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, डम्पिंग ग्राउंड इथून किती लांब आहे हो? आणि एजंटचं उत्तर तयारच असतं, अहो कुठे, चार किलोमीटर तरी असेल. मग मोबाईलवर मॅप उघडायचा, अंतर बघायचं, हुश्श करायचं आणि टोकन देऊन मोकळं व्हायचं. गंमत अशी की या सगळ्या प्रकरणात अंतर हा सगळ्यात फसवा आकडा आहे. एक किलोमीटरवरचं गाव मजेत असतं आणि पाच किलोमीटरवरच्या गावात लोक रात्री खिडक्या लावून झोपतात असं आरामात होऊ शकतं, कारण कचऱ्याचा त्रास मॅपवर कंपासने काढलेल्या वर्तुळात पसरत नाही, तो वारा, उतार, जमिनीखालचं पाणी आणि ट्रकचा रस्ता धरून जातो.

डेपो दिसला की गावच बाद, असंही करू नका. ब्रिटनमध्ये २००१ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात तिथली साधारण ८० टक्के लोकसंख्या कुठल्या ना कुठल्या चालू किंवा बंद लँडफिलपासून, म्हणजे कचरा जमिनीत भरायच्या डेपोपासून, २ किलोमीटरच्या आत राहते असं निघालं. म्हणजे पळून जाणार कुठे? कुठल्या प्रकारचा डेपो, कोण चालवतंय, आणि आपलं घर त्याच्या कुठल्या बाजूला, हे बघायचं.

दुपारी जाऊन वास घेणं

ही चूक तर सगळेच करतात. रविवारी दुपारी निवांत जायचं, नाक वर करून दोन श्वास घ्यायचे, काही नाही हो वास, चला. अहो दुपारी वास नसणारच! ऊन तापलं की जमिनीलगतची हवा गरम होऊन वर जाते, वारा असतो, सगळं मिसळून पातळ होतं. त्यात रविवारी बऱ्याच ठिकाणी ट्रक बंद, आणि नीट चालणाऱ्या साइटवर दिवसाचं काम संपलं की उघड्या कचऱ्यावर मातीचा थर टाकतात, अमेरिकेत तर किमान १५ सेंटिमीटर थर टाकायचा नियमच आहे. म्हणजे तुम्ही नेमक्या झाकलेल्या दिवशी गेलात.

खरा वास येतो निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आणि पहाटे. जमीन थंड होते, तिच्यालगत गार हवेचा थर बसतो, वरची हवा त्याच्यात मिसळत नाही आणि तो थर सगळा वास घेऊन उताराने हळूहळू खाली येतो. त्यामुळे डेपोच्या खालच्या अंगाला खोलगट भागात वसलेलं गाव असेल तर सकाळी सहाला जा, एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी जा. दूधवाला, पेपरवाला, सकाळी फिरायला जाणारे काका यांना विचारा, कारण ते त्या वेळेला बाहेर असतात. एजंट नसतो.

वाऱ्याची दिशा बघताना पण एक घोळ होतो. लोक हवामान खात्याचा वर्षाचा सरासरी वारा बघतात, तो डेपोकडून गावाकडे येत नाही म्हणून खूश होतात. पण जोराचा वारा वास पसरवून संपवतो, त्रास देतो तो मंद वारा. म्हणून रात्रीचा हलका वारा कुठून येतो ते शोधा, तो बऱ्याचदा दिवसाच्या वाऱ्याच्या बरोबर उलट असतो, खास करून टेकड्या किंवा दऱ्या असतील तर.

वास नाही म्हणजे गॅस नाही, असं धरून चालणं

लँडफिलमधून जो गॅस निघतो तो साधारण अर्धा मिथेन आणि अर्धा कार्बन डायऑक्साइड असतो, आणि या दोघांनाही वास नसतो. नाकाला जे जाणवतं ते हायड्रोजन सल्फाइड वगैरे सल्फरवाले वायू, ते सगळे मिळून एक टक्का पण नसतात. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असला की ठिणगी पडायचा अवकाश, स्फोट होतो.

इंग्लंडमध्ये डर्बीशरला लॉस्को नावाचं गाव आहे, तिथे २४ मार्च १९८६ ला एक बंगला असाच उडाला. शेजारच्या जुन्या खाणीत कचरा भरलेला होता, भरणं आधीच थांबलं होतं, गॅस खडकाच्या भेगांमधून आडवा सरकत घराखाली पोचला होता, आणि त्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला तसा तो जमिनीतून वर आला. घरातले तिघं जखमी झाले पण वाचले. यातून घर बघणाऱ्याने घ्यायची गोष्ट एवढीच की वादळ किंवा पावसाच्या आधी दाब पडला की जमिनीतला गॅस जास्त बाहेर येतो, आणि वरून मातीने किंवा डांबराने पक्कं झाकलं की तो बाजूला जायची वाट शोधतो, मग ती वाट म्हणजे तुमच्या घरात येणारा केबलचा डक्ट, ड्रेनेजची पाइपलाइन किंवा बेसमेंटच्या भिंतीतली भेग. डेपोला अगदी खेटून असलेलं बेसमेंटवालं घर असेल तर डेपोच्या हद्दीवर गॅस मोजायला खोदलेल्या विहिरींचे रीडिंग बघितल्याशिवाय मी तरी पुढे जाणार नाही.

आणि इथे आणखी एक गैरसमज, बांधकामाचा राडारोडा टाकतात ना फक्त, मग काय, विटामातीच तर आहे! त्यात जिप्सम बोर्ड असेल आणि तो आत भिजून पडला, हवा मिळाली नाही, की त्यातून भरपूर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याच्या वासाने हैराण झालेल्या वस्त्यांमध्ये अशा 'निरुपद्रवी' साइटजवळच्या वस्त्या पण आहेत.

डेपो बंद झालाय, आता काय टेन्शन

बंद म्हणजे फक्त नवीन ट्रक यायचे थांबले. आतला कचरा कुजतच असतो. साधारण हिशोब असा की कचरा टाकल्यावर ५ ते ७ वर्षांनी गॅस सगळ्यात जास्त असतो, बहुतेक गॅस २० वर्षांत निघून जातो, पण थोडा थोडा ५० वर्षांहून जास्त काळ येत राहतो. अमेरिकेत बंद केल्यावर ३० वर्षं देखरेख ठेवायचा नियम आहे तो उगाच नाही. मिसुरी राज्यात ब्रिजटन लँडफिल २००४ च्या शेवटी बंद झालं आणि २०१० मध्ये त्याच्या पोटात कचरा आपोआप तापायला लागला, वर ज्वाळा नाहीत, आत खोलवर धुमसणं, आणि आसपासच्या लोकांनी वर्षानुवर्षं तो वास सोसला.

त्याहून वाईट म्हणजे सगळेच विसरून गेलेला डेपो. न्यूयॉर्क राज्यातलं लव्ह कॅनॉल बऱ्याच जणांना माहीत असेल, एका केमिकल कंपनीने जुन्या कालव्यात रासायनिक कचरा पुरला, १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली, वर शाळा झाली, भोवती घरं झाली, आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. नंतर १९८० चा सुपरफंड कायदा, म्हणजे विषारी कचऱ्याच्या जागा साफ करायचा कायदा, आला तो यातूनच. त्या घरांचे खरेदीदार काही बेफिकीर नव्हते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मला विचाराल तर रोज तपासणी होणारा, रेकॉर्ड असलेला चालू डेपो शेजारी असलेलं गाव मी एक वेळ घेईन, पण जिथे जुनी खाण 'कशाने तरी' भरून वर प्लॉट पाडलेत तिथे नाही.

अशी जमीन ओळखायची कशी? जुने नकाशे आणि जुनी सॅटेलाइट चित्रं काढा, खड्डा होता आणि नंतर गायब झाला असं दिसलं की सावध व्हा. आणि गल्लीत चालताना खाली बघा. पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या खांबांवर, उभं असलेलं घर जागेवर राहतं आणि भोवतीचा भराव खचतो, त्यामुळे दारासमोर नंतर जोडलेली एक जास्तीची पायरी दिसते, प्लिंथ आणि अंगण यांच्यामध्ये हात जाईल अशी फट असते, फाटक जमिनीला घासतं किंवा लागतच नाही, फुटपाथ लाटांसारखा वरखाली. एका घराला असेल तर बिल्डरचं काम कच्चं म्हणा, पण सगळ्या ओळीत तेच असेल तर खाली काहीतरी कुजून बसतंय. अशा ठिकाणी ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइन तुटायचा ताप कायमचा.

पाण्याचा विषय नंतर बघू म्हणणं

कचऱ्यातून पाझरणारं काळपट पाणी, म्हणजे लिचेट, ते खाली जाऊ नये म्हणून आधुनिक लँडफिलला चिकणमाती आणि वर जाड प्लास्टिकचा लायनर असतो. पण 'आमच्या साइटला लायनर आहे' हे वाक्य अर्धं असतं. जुन्या साइटचा नवा भाग लायनरवाला आणि जुना भाग थेट मातीवर, हे सर्रास असतं. तेव्हा विचारायचं की सगळ्या भागांना आहे का, आणि कुठल्या वर्षापासून.

गावाचं पाणी विहिरी किंवा बोअरवेलचं असेल तर भूजल कुठल्या दिशेने वाहतं हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि ती दिशा जमिनीच्या उताराशी जुळेलच असं नाही. डेपोच्या भोवती तपासणी विहिरी असतात, त्यांच्या रिपोर्टमध्ये ही दिशा दिलेली असते, मागून घ्या. घर घेण्याआधी बोअरचं पाणी लॅबमध्ये द्या, क्लोराइड, अमोनिया, कंडक्टिव्हिटी (पाण्यात क्षार किती विरघळलेत याचं माप) आणि शक्य असेल तर व्हीओसी (सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) तपासायला सांगा. क्लोराइड मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ पुढे जातं, म्हणून गळती असेल तर बहुतेक वेळा तेच आधी वाढलेलं दिसतं. हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढे कधी भांडायची वेळ आली तर 'आधी असं होतं' हे दाखवायला दुसरं काहीच नसतं.

गावाचं राजकारण न बघणं

याबद्दल कुणीच बोलत नाही आणि माझ्या मते गाव निवडताना हेच आधी बघावं. काही गावांना डेपोकडून टनामागे पैसे मिळतात, त्यावर रस्ते होतात, कर कमी राहतो. छान आहे, पण ज्या गावाचं बजेट त्या पैशावर उभं आहे ते गाव डेपो वाढवायला कधी नाही म्हणणार नाही. आणि याच्या उलट, डेपो शेजारच्या गावाच्या हद्दीत, पैसे त्यांना, वास तुम्हाला, आणि तिथे तुम्हाला मत पण नाही! दुसरा प्रकार मला जास्त डेंजर वाटतो. घर घेण्याआधी मागच्या काही वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचा, कंटाळवाणी असतात पण विस्ताराचा प्रस्ताव, उंची वाढवायचा अर्ज, दंड, सगळं तिथे सापडतं. 'अमुक साली बंद होणार' यावर तर अजिबात विसंबू नका, ते वर्ष उरलेल्या जागेवरून काढलेलं असतं, उंची वाढवायची परवानगी मिळाली की ते पुढे सरकतं.

ट्रकचा रस्ता कुठून जातो तेही बघा, एका सकाळचं काम आहे.

उघडा, उभ्या कडांचा, माती न टाकलेला कचऱ्याचा डोंगर असेल तर मात्र वरचं काहीच लागू नाही, त्याच्या पायथ्याशी घर नकोच. फिलिपाइन्सला पायातास २०००, इंडोनेशियात लेउविगाजा २००५, श्रीलंकेत मीतोटामुल्ला २०१७, तिन्हीकडे ढीग वस्तीवर कोसळला आणि माणसं गेली.

स्वस्त मिळतंय म्हणून उडी मारणं

अमेरिकेतल्या अभ्यासांचा २०१० मध्ये एक आढावा आला होता, रोज ५०० टनांहून जास्त कचरा घेणाऱ्या लँडफिलला लागून असलेल्या घरांची किंमत सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास कमी निघाली, लहान साइटला जेमतेम ३ टक्के, काही लहान साइट्सचा तर काहीच परिणाम नाही. म्हणजे लहान साइट मोठी होणार असेल तर फटका तुम्ही विकताना बसणार. आज मिळालेला डिस्काउंट उद्या तुम्हालाही द्यावा लागणार, हे धरूनच भाव करा.

घर घेऊन झालंय आणि वास येतोय

आधी घरातलंच तपासा. न वापरलेल्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली गॅस अडवायला साठून राहणारं, पाणी सुकलं की गटाराचा गॅस थेट आत येतो आणि वास अगदी तसाच, लोक उगाच डेपोला शिव्या घालतात. ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, दुसऱ्या दिवशी बघा. तरीही वास असेल आणि बाहेरही तोच येत असेल तर वही घाला, तारीख, वेळ, वारा कुठून, पाऊस होता का, वास कसला, कुजका की अंड्याचा. शेजाऱ्यांनाही लिहायला लावा.

डेपोच्या अगदी जवळ असाल तर मिथेन डिटेक्टर लावा, बेसमेंट असेल तर नक्कीच, आणि पाइप-केबल आत येतात तिथल्या फटी बुजवून घ्या. अलार्म वाजला तर लाइटच्या बटणाला हात लावू नका, सगळ्यांनी बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा. पाण्याबद्दल शंका असेल तर उकळून प्यायलं म्हणजे झालं असं समजू नका, उकळून जंतू मरतात, क्लोराइड आणि जड धातू तिथेच राहतात.

तक्रार करताना 'फार वास येतो हो' एवढंच लिहिलं तर 'सर्व नियमांनुसार चालू आहे' असं उत्तर येतं. गॅस ओढून जाळणारी फ्लेअर किंवा इंजिन बंद पडलं की कचऱ्यातून गॅस काढणाऱ्या विहिरींमधली ओढ जाते आणि गॅस वरून सुटतो, आणि ती कधी बंद होती याची नोंद साइटवर ठेवतात. त्यामुळे तुमच्या वहीतल्या तारखा-वेळा देऊन त्याच वेळेचा फ्लेअर लॉग आणि त्यांच्या हवामान यंत्राचं रीडिंग लेखी मागा.