रापणीपासून पापलेटापर्यंत: कोर्सची चित्रं काढायला बसण्याआधी

किनारा आणि मासेमारी या विषयावर मराठीत ऑनलाइन कोर्स होतोय, चित्रं तुम्ही द्या, असं मालवणातून किंवा दापोलीतून कुणी म्हटलं की हात शिवशिवायला लागतात. तरी टॅबलेट लगेच उघडू नका. आधी प्रत्येक धड्याची संहिता मागून घ्या आणि ती लेखी हवी, फोनवर सांगितलेली चालणार नाही. मग जिथे चित्र हवं तिथे समासात एकच वाक्य लिहा: हे बघून शिकणाऱ्याला काय कळलं पाहिजे? वाक्य सुचत नसेल तर ते चित्र यादीतून खोडा. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

त्यानंतर सूत्र ठरवा. सूत्र म्हणजे निळा-हिरवा रंगपट निवडून मोकळं होणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण तेवढ्याने भागत नाही. पहिल्या धड्यातलं चित्र शेवटच्या धड्यातल्या चित्राशेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच घरातली वाटायला हवीत. त्यासाठी रेषेची जाडी, सावली द्यायची की नाही, माणसांच्या अंगाचं प्रमाण आणि पाण्याच्या लाटा कशा दाखवायच्या, हे सगळं एका पानावर काढून समोर चिकटवा. वारलीचा मोह टाळा. ती पालघर-डहाणूकडच्या आदिवासींची चित्रकला आहे. महाराष्ट्राचं काहीही असलं की तीच चिकटवायची सवय आता पुरे. दक्षिण कोकणासाठी सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, जवळची. दशावतारी गंजिफेत दहा रंग (म्हणजे पत्त्यांचे दहा गट) आणि प्रत्येकी बारा असे १२० गोल पत्ते असतात. तिचा गोल आणि भरीव सपाट रंग घ्या, अवतार मात्र मासळीच्या धड्यात आणू नका. आणि एक हिशेब आधीच करा: १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीत पूर्ण उंचीचा गोल बसवला तरी निम्म्याहून कमी जागा हाती येते, त्यात सुरमई लांबीला मार खाते. म्हणून गोल फक्त धड्याच्या मुखचित्राला आणि छोट्या चिन्हांना ठेवा. समजावून सांगणारी चित्रं पूर्ण चौकटीत येऊ द्या.

आता संदर्भ, आणि इथे वेळ द्यायला कंजुषी नको. इंटरनेटवर ‘भारतीय मच्छीमार’ शोधलं की भलत्याच किनाऱ्यावरच्या बोटी येतात. सिंधुदुर्गातल्या होडीला बाजूला उलांडी (तोल सांभाळणारं लाकूड) असते, ती कशी बांधली आहे हे जाऊन बघा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, चित्रात काढायची असेल तर क्रम नीट समजून घ्या: एक टोक किनाऱ्यावर, होडी अर्धगोलात जाळं सोडत जाते, दुसरं टोक परत किनाऱ्याला येतं आणि मग दोन गट दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. एकाच दोराला ओढणारी माणसं दाखवली की चित्र देखणं होतं आणि धडा चुकतो. माशांचंही तसंच. बांगड्याच्या शेपटीआधी वर-खाली बारीक परांची रांग असते, वाढलेल्या पापलेटाला पोटाखालची परांची जोडी नसते आणि सुरमईच्या अंगावरचे पट्टे उभे असतात. यंत्राकडून (एआयकडून) काढून घेतलेल्या चित्रांत हे तपशील हमखास बिघडतात. शहरातल्या परीक्षकाला ते कळणार नाही, पण बाजारात मासळी विकणारी बाई लांबूनच हसेल.

वेळापत्रक समुद्राकडून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा वर ओढून ठेवलेल्या बोटींची बूड आणि जाळ्यांची डागडुजी निवांत रेखाटता येते, पण मासळीचा लिलाव दिसायचा नाही. कालवं, तिसऱ्या, खडकांवरचं शेवाळ हवं असेल तर अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी गाठा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते: पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर, म्हणजे त्या दिवशी पाणी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आगेमागे उतरलेलं असतं, आणि संध्याकाळी उजेडही छान असतो. जेटीवर फोटो काढण्याआधी विचारा. नेटवरून घेतलेल्या संदर्भाचा परवाना त्याच दिवशी लिहून ठेवा.

रंग मोजके ठेवा: जांभ्याचा तांबडा, माडाचा हिरवा, ओल्या वाळूचा करडा आणि दोन पाणी, पावसाळ्यातलं गढूळ आणि हिवाळ्यातलं निवळ. बारा महिने निळाशार समुद्र फक्त हॉटेलांच्या पाट्यांवर असतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. चित्र अंतिम मापाच्या दुप्पट काढा, रंग एसआरजीबीत (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ठेवा. होडी, दोर, माणसं, पाणी यांचे थर वेगळे असू द्या, म्हणजे व्हिडिओ करणाऱ्याला दोर हलवता येईल. चिन्हं एसव्हीजीत (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या फाइलीत) द्या. अक्षरं युनिकोड फाँटात आणि स्वतंत्र थरावर हवीत. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फाँट चालेल. आधी ‘तिसऱ्या’ आणि ‘कुर्ल्या’ टाइप करून बघा. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटली तर मजकुराच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ ठेवा, आणि नमुना फोनवर घेऊन भर दुपारी अंगणात उभं राहून वाचा, कारण बरेच जण कोर्स फोनवरच बघणार. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक चित्राचं दोन ओळींचं वर्णन लिहा. समासातलं ते वाक्य इथे आयतं उपयोगी पडतं. पावसात वीज जाणारच, तेव्हा इन्व्हर्टर तपासा, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि जड फाइली रात्री चढवा.

सगळी चित्रं हाती घेण्याआधी एक मुखचित्र, एक समजावणारं चित्र आणि एक चिन्ह पूर्ण करून शिक्षकांना पाठवा, आणि रापणीवर जाणाऱ्या एखाद्या काकांनाही दाखवा. मानधनात दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्या आहेत ते लिहून घ्या. कोर्स पुढे कोकणीत किंवा हिंदीत गेला तर हीच चित्रं वापरण्याचे वेगळे पैसे मिळणार की नाही, तेही त्याच कागदावर येऊ द्या.