कोरा रकाना

कॅन्सरच्या धोक्यामुळे बदनाम झालेल्या ट्रायक्लोरोएथिलीनला पर्याय शोधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला ते वापरत. मी सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके लिहिलेले कागद, शेजारी शेजारी ठेवून १-ब्रोमोप्रोपेन निवडलं. उत्कलनबिंदू ७१ अंश, ट्रायक्लोरोचा ८७. टाकी तीच, पद्धत तीच. कॅन्सरच्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’. मी ते ‘धोका नाही’ असं वाचलं.

इथेच फसलो, म्हणून जरा ताणून सांगतो. ‘तपासलं, काही सापडलं नाही’ आणि ‘कुणी तपासलंच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण शीट वाचताना दोन्ही सारखेच निरुपद्रवी वाटतात. बदनाम रसायनावर वर्षानुवर्षं अभ्यास झालेला असतो, म्हणून त्याची शीट वाचून घाम फुटतो. नव्याची कोरी, कारण ते नवं. त्यात माझ्या हातातली शीट जुनी. २०११ सालीच १-ब्रोमोप्रोपेनमुळे उंदरांमध्ये गाठी झाल्याचा अहवाल आला होता, मज्जातंतूंना इजा होते हे तर त्याआधीपासून माहीत होतं. शीटवरची तारीखसुद्धा मी पाहिली नव्हती. चाचणी सुरू झाल्यावर टाकीवरचा ऑपरेटर रोज डोकं धरून बसायचा, तेव्हा कुठे शोधाशोध केली. ते आठवलं की अजून लाज वाटते.

घाबरू नका, सगळेच बदल असे उलटत नाहीत. हेक्झेन या दुसऱ्या द्रावकाचं शरीरात २,५-हेक्झेनडायोन होतं आणि ते नसांवर घाव घालतं. त्याच कुळातल्या हेप्टेनमध्ये तो धोका फारच कमी, म्हणून हेक्झेनच्या जागी हेप्टेन बहुतेक ठिकाणी चालतं. पेट मात्र दोन्ही घेतात, तेव्हा ठिणगीची काळजी तशीच राहते. रकाना कोरा असेल तर त्याच कुळातल्या रसायनांचं शरीरात काय होतं ते बघा. विषशास्त्रज्ञ व्हायची गरज नाही, तेवढं वाचून समजतं.

डब्यावर हिरवं पान छापलेलं ‘इको’ द्रावक मी हातातही घेत नाही. आणि फोनवर दोन मिनिटांत पर्याय सुचवणाऱ्या ज्येष्ठांपासून लांब राहा. त्यापेक्षा टाकीवरच्या माणसाला विचारा, ‘ग्रीस इतकं काढायची गरज का पडते?’ आमच्याकडे निम्मे भाग न धुताही पुढे गेले असते. उरलेल्यांना पाण्यातलं अल्कलाइन क्लीनर पुरलं. पहिल्या खेपेला सगळे गंजले, कारण वाळवणीचा विचार मी केलाच नव्हता.